आधीच उचललेली जिमनी घेतली आहे, सस्पेन्शनचं काम कुठून सुरू करू?

खडकवाट

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी चौथ्या पिढीची, तीन दारांची जिमनी वापरलेली घेतली. आधीच्या मालकाने ती उचलून घेतलेली होती. त्याच्या शब्दांत, "५० मिमी लिफ्ट, सगळं व्यवस्थित केलंय." टायर २३५/७५ आर १५. पुढे लोखंडी बंपर, विंच नाही. मागे खणांची पेटी, त्यात हत्यारं, दोर आणि कंप्रेसर.

तक्रारी तीन. सत्तरच्या पुढे गाडी सरळ रेघ धरत नाही, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मधे येत नाही, सतत बारीकसारीक सावरावं लागतं. दुसरी, चाक खड्ड्यात उतरलं की मागून 'ठण्ण' आवाज येतो. आदळताना नव्हे, उतरताना. तिसरी, कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात ना, तिथे मागचा भाग उड्या मारत बाजूला सरकतो.

दोन किट नजरेत आहेत. एकात ५० मिमीच्या 'हेवी' स्प्रिंगा आणि साधे ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉक. दुसऱ्यात फक्त चार शॉक, पण मोनोट्यूब (एकाच नळीचे), बाहेर वेगळ्या रिझर्वॉयरचे. दिसायला झकास. दोन्ही एकदम झेपणार नाहीत. कुठलं घेऊ?

धूळधाण

रिझर्वॉयरवाले. डोळे झाकून.

पाटेवाला

डोळे झाकून काहीही घेऊ नका, उघडे ठेवून आधी गाडीखाली सरका. "५० मिमी लिफ्ट" हे वाक्य काहीच सांगत नाही. लांब स्प्रिंग घातली आहे, की जुन्याच स्प्रिंगवर ठोकळा ठेवलाय? शॉक बदललेत की कंपनीचेच आहेत? पुढच्या आर्मचे (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदललेत का? पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लांबी जुळवता येणारा आहे की मूळचा? एवढं बघून या, फोटो टाका, मग किटचं बोलू.

आणि हो, टायरमध्ये हवा किती?

खडकवाट

हवा ३४. चारही चाकांत. खालचं उद्या बघून सांगतो.

पाटेवाला

एवढ्या हलक्या गाडीला ३४? तिसरी तक्रार अर्धी तिथेच आहे. कच्च्यात शिरताना २० वर आणा, वेग कमी ठेवा आणि त्याच लाटांवरून एकदा जाऊन या. डांबरीवर आलात की परत भरा, कंप्रेसर आहेच तुमच्याकडे. शॉकच्या आधी टायर ही पहिली स्प्रिंग असते, हे लोक विसरतात.

ग्रीसचे_हात

धूळधाण, रिझर्वॉयरला माझा विरोध नाही, पण तो कशासाठी असतो ते आधी बघू. शॉक हालचालीची ऊर्जा तेलात उष्णता करून जिरवतो. तेल तापलं की पातळ होतं, त्यात फेस झाला की पिस्टनला धरायला काही उरत नाही आणि गाडी तरंगायला लागते. मोनोट्यूबमध्ये तेल थेट बाहेरच्या नळीला टेकलेलं असतं म्हणून ते लवकर निवतं. नायट्रोजन वेगळ्या सरकत्या पिस्टनच्या पलीकडे दाबाखाली कोंडलेला असतो, म्हणून फेसही होत नाही. पण त्या पिस्टनला आणि वायूला नळीत जागा लागते, तेवढी शॉकची चाल कमी होते. ती जागा बाहेर काढली की झाला रिझर्वॉयर. तेल जास्त मावतं, हा त्यावरचा फायदा.

आता ही उष्णता तयार होते वजनातून आणि वेगातून. तीन टनांची लादलेली गाडी दोन तास लाटांवरून ऐंशीने हाकत असाल तर रिझर्वॉयर हवाच. सव्वा टनाची जिमनी दगडांतून चालण्याच्या वेगाने नेताना तेल कोमटसुद्धा होत नाही. शिवाय मोनोट्यूबच्या नळीला दगड लागून पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन ट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी आतली बहुतेक वेळा शाबूत राहते.

धूळधाण

मान्य. पण दिसतात भारी. (हलके घ्या.)

खडकवाट

आधी हवेचं. २० वर नेऊन त्याच रस्त्यावर गेलो. विश्वास बसेना, अर्ध्याहून जास्त उड्या गायब. बायकोने विचारलं, "शॉक बदललेस का?"

आता खालचं. स्प्रिंगा मूळच्याच आणि त्यांच्या डोक्यावर पिवळे प्लास्टिकचे ठोकळे. शॉकही मूळचेच. पुढच्या आर्मचे बुश मूळचे, पॅनहार्ड मूळचा, बंप स्टॉप (चाक वर दबताना शेवटी अडवणारे रबरी गुटके) मूळचे. म्हणजे "सगळं व्यवस्थित" यात चार ठोकळे आले, बाकी काही नाही. आणखी एक दिसलं. मागून पाहिलं तर एका बाजूचं टायर कमानीच्या १२ मिमी जास्त बाहेर आहे. चासी वाकडी आहे का? धडधड होतेय.

शून्य_अंश

चासी सरळ असावी, घाबरू नका. पॅनहार्ड एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला बांधलेला असतो, म्हणून त्याचं टोक वर्तुळाच्या कंसात फिरतं. गाडी उचलली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो. दोन बाजूंत १२ चा फरक म्हणजे ॲक्सल ६ मिमी सरकलाय. कागदावर करून बघा: ८५० मिमीचा रॉड आधी ६० मिमी उतरता होता, आता ११० झाला, तर आडवी लांबी ८४८ वरून ८४३ होते. पाच मिमी तिथेच गेले. जुळवता येणारा रॉड बसवून मधोमध आणता येतो.

तुमची पहिली तक्रार मात्र कॅस्टरची आहे, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाची. जिमनीत पुढचा ॲक्सल दोन आर्मना घट्ट धरलेला असतो. गाडी वर गेली की आर्म खाली कलतो आणि त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल फिरतो. आर्म मोजा. समजा ७०० मिमी निघाला, तर ५० मिमी उचलल्यावर ॲक्सल चार अंशांच्या आसपास फिरला. स्टिअरिंगला मधे परत आणतो तो कॅस्टर, आणि तो एवढा उडाल्यावर चाक कुठेही बघायला मोकळं. जगातला कुठलाही शॉक हे दुरुस्त करणार नाही. आर्मला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश घाला किंवा दुरुस्त कोनाचे आर्म घाला. अलाइनमेंटचा कागद काढून आणा, त्यात कॅस्टर छापलेला असतो.

मूकवाचक

माझ्या गाडीचं स्टिअरिंग साठच्या पुढे खड्डा लागला की जोरजोरात थरथरतं, ब्रेक मारून थांबावं लागतं. हेच का?

शून्य_अंश

तो डेथ वॉबल. कमी कॅस्टर हे एक कारण, पण आधी पॅनहार्डचे बोल्ट आणि बुश, टायरॉडची टोकं, किंगपिनचे बेअरिंग आणि चाकांचा बॅलन्स तपासा. गाडी जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली पॅनहार्डच्या टोकाला बोट लावून बसा. बोटाला टकटक लागली की सापडलं. जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून रोग जात नाही, झाकला जातो.

डबलकॅब

अवांतर होईल, पण माझा प्रश्नही याच जातीचा. पिकअप आहे, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे. पुढे स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडी) एक इंचाची चकती टाकली आणि गाडी जवळजवळ दोन इंच वर आली! दुकानदार म्हणतो बोनस समजा.

ग्रीसचे_हात

बोनस कसला, तरफेचं गणित आहे. स्ट्रट खालच्या आर्मला मध्याच्या आसपास टेकतो, चाक आर्मच्या टोकाला. तिथे एक इंच ढकललं की टोकाला पावणेदोन-दोन इंच होतात. प्रश्न पुढे आहे. चाक आता आधीच इतकं खाली लोंबतंय की वरचा आर्म खाली जाताना स्प्रिंगच्या खोबणीला टेकू शकतो, बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला जातो आणि सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) सतत वाकडा फिरतो. रबरी बूट फाटला की ग्रीस उडतं, मग जॉइंट जातो. दोन इंचांच्या पुढे जायचं असेल तर बदललेल्या कोनाचे वरचे आर्म घ्या. आणि मूळ स्ट्रटवर चकती टाकली की चाक वर दबताना स्ट्रट आतून तळाला आदळण्याचा धोका असतो, कारण खालचा बंप स्टॉप आहे तिथेच आहे.

पाटेवाला

मागच्या पाट्यांचं मी सांगतो. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) लावून उंची वाढवू नका. शॅकल दोन इंच लांबवला तर गाडी एकच इंच वर येते आणि ॲक्सलचा कोन बिघडतो तो वेगळाच. ॲक्सल आणि पाट्यात ठोकळा घालणंही मला पटत नाही, जोरात निघताना पाटा एससारखा वळतो आणि गाडी थडथडते. नवा, योग्य कमानीचा पाट्यांचा संच हेच खरं. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व आहे का बघा, जुन्या पिकअपला असतो. गाडीचं बूड उचललं की त्या व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. त्याचा दांडा तितकाच सरकवून घ्यावा लागतो. हे फार कमी ठिकाणी करतात.

डबलकॅब

आहे व्हॉल्व. कोणी हात लावलेला नाही. उद्याच बघतो, धन्यवाद काका.

खडकवाट

अलाइनमेंटचा कागद आला. कॅस्टर डावीकडे ०.४, उजवीकडे ०.६ अंश. शून्य_अंश, तुमच्या नावाच्या जवळ पोचलो.

मग आता बुश, पॅनहार्ड आणि पहिलं किट, बरोबर? बंपर आहे म्हणून 'हेवी' स्प्रिंग?

ग्रीसचे_हात

बंपर किती किलोचा?

खडकवाट

मूळचा काढून हा लावल्यावर वाढ साधारण ३५. पुढे टांगलेला आहे म्हणून ॲक्सलवर चाळीस धरा.

ग्रीसचे_हात

म्हणजे एका स्प्रिंगवर वीस किलो, सुमारे २०० न्यूटन. स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिमीची असेल तर ती दबणार १० मिमी. दहा मिमीसाठी 'हेवी' कशाला? कडक स्प्रिंग घेतलीत तर विंच नसताना नाक वर राहील आणि गाडी टणटण उडेल. एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन २५५ किलो धरलं तर २० च्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.४ वेळा हेलकावते. तीच २८ ची केली की १.७. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पाठीला तो किरकोळ वाटत नाही.

वजनकाट्यावर जाऊन पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून आणा. टाकी भरलेली, पेटी भरलेली, तुम्ही आत. स्प्रिंग विकणाऱ्याला हेच दोन आकडे लागतात. "जरा लोड असतो" हा आकडा नव्हे.

पाटेवाला

आणि शॉकची लांबी मोजल्याशिवाय शॉक मागवू नका. तुमचा 'ठण्ण' तिथला आहे. मूळ शॉक मूळ उंचीसाठी बनलेला. तुम्ही गाडी ५० ने वर नेलीत, म्हणजे चाक खाली जायची ५० मिमी वाट आधीच खर्च झाली. खड्डा आला की शॉक पूर्ण ताणून आपल्याच टोकाला हिसका मारतो. असाच मारत राहिला तर एक दिवस वरचा कान तुटतो.

मोजायची रीत अशी. सपाट जागा, पुढच्या चाकांना अडण्या, चासी मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे लिहावं लागतं म्हणून लिहितोय. मागचे शॉक सोडवा, स्प्रिंगा काढा. जॅकने ॲक्सल वर न्या, बंप स्टॉप पूर्ण दबेपर्यंत. शॉकच्या दोन्ही बोल्टांमधलं अंतर घ्या. मग हळूहळू खाली सोडा आणि दर दोन बोटांना थांबून बघा: ब्रेकचा होज ताणला का, एबीएसची वायर, प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट. जे पहिलं ताणेल तिथे थांबा आणि तेही अंतर घ्या. तुमचा शॉक या दोन आकड्यांच्या मधे बसला पाहिजे. वर दबताना बंप स्टॉप आधी लागला पाहिजे, शॉक नंतर. आणि खाली जाताना ब्रेकचा होज कधीच शेवटचा दोर होता कामा नये.

खडकवाट

रविवार गाडीखाली गेला. पाठ गेली, पण आकडे आले. काट्यावर पुढे ६६०, मागे ६२० किलो.

मागचा शॉक: बंप स्टॉप पूर्ण दबलेला असताना ३१५ मिमी. उभ्या गाडीत ४४०. पूर्ण ताणलेला ४८५. म्हणजे वर जायला १२५ आणि खाली जायला फक्त ४५! ठण्ण का होतं ते एकदम दिसलं. शॉक सोडवून ॲक्सल आणखी खाली सोडला तर ५४५ ला एबीएसच्या वायरची क्लिप ताणली, होज त्याच्याही पुढे सैल होता.

एक शॉक सापडलाय, ट्विन ट्यूब, आत वायूऐवजी फोम असलेला. मिटलेला ३२५, ताणलेला ५३५. चालेल?

पाटेवाला

चालेल, पण असाच नाही. मिटलेला ३२५ आणि तुमचा ॲक्सल ३१५ पर्यंत येतो, म्हणजे बंप स्टॉपच्या आधी शॉक तळाला आदळणार. दहा मिमी मोकळे ठेवायचे तर ३३५ ला थांबायला हवं. बंप स्टॉप २० ने खाली आणा. शॉक तिरका आहे, म्हणून २५ ची पट्टी घाला, ३४० धरू. आता हिशेब बघा: वर १००, खाली ९५. लांब शॉकची हीच किंमत असते, खालची चाल मिळते ती वरच्या चालीतून थोडी कापून.

ग्रीसचे_हात

मी असतो तर ४० मिमीची स्प्रिंग घेतली असती. उभी उंची ४३० येईल, वर ९० आणि खाली १०५. दगडांत चाक जमिनीला चिकटून राहायला खालची चाल कामाची. कॅस्टर आणि पॅनहार्डचा त्रासही दहा मिमीने कमी. फक्त ५३५ ला स्प्रिंग जागा सोडते का ते बघा. सैल झालेली स्प्रिंग परत बसताना वाकडी बसते.

धूळधाण

५० वरून ४०?? लोक उचलायला मरतात आणि तुम्ही खाली आणताय.

शून्य_अंश

धूळधाण, स्प्रिंगने ॲक्सल उचलला जात नाही. डिफरन्शिअलचा गोळा ॲक्सलवरच असतो, गाडी ५० उचला नाही तर १५०, दगड त्यालाच लागणार. गोळा वर जातो तो फक्त टायरने. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास सुमारे ६९३ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३. अर्धा फरक म्हणजे २० मिमी, एवढीच खरी कमाई. लिफ्ट हवी ती त्या टायरला कमानीत जागा मिळावी म्हणून आणि पोटाखालच्या भागासाठी. (जाता जाता: त्याच टायरमुळे स्पीडोमीटर सुमारे ६ टक्के कमी दाखवत असणार.)

धूळधाण

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गप्प बसून वाचतो.

खडकवाट

तीन आठवड्यांनी परत आलो. काय बसवलं: ४० मिमीच्या स्प्रिंगा, पुढे मूळ कडकपणाच्या, मागे पेटीमुळे किंचित कडक. फोमवाले शॉक. बंप स्टॉपखाली २५ च्या पट्ट्या. पुढच्या आर्मना सरकवलेल्या भोकाचे बुश. दोन्ही पॅनहार्ड जुळवता येणारे. एबीएसच्या वायरची एक क्लिप काढून वायर सैल केली. ठोकळे काढले.

कॅस्टर आता २.९ आणि ३.१. स्टिअरिंग सोडलं की आपणहून मधे येतं, एवढ्यासाठी मी गाडी तीनदा त्याच वळणावर फिरवली. ठण्ण बंद.

शॉकच्या दांड्यांवर केबल टाय घट्ट लावून पहिल्या फेरीला गेलो. परत आल्यावर टाय कुठवर सरकलेत ते मोजलं. मागे वरच्या चालीतले १२ मिमी शिल्लक, पुढे ३०. म्हणजे मागचा जवळजवळ पूर्ण वापरला जातोय, पण आदळत नाही.

एकच रडगाणं. काम करून घेतलं त्या गॅरेजातून गाडी आली ती चिरकतच. पुढून दर खड्ड्याला कुई कुई, आणि पुढची उंची हिशेबापेक्षा ८ मिमी जास्त. मेकॅनिक म्हणाला, "नव्या बुशांचा आवाज असतो, बसेल."

पाटेवाला

बसणार नाही, फाटेल. बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळलेत का विचारा. रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही, तो पिळतो. चाकं लोंबत असताना आवळला की तीच त्याची आरामाची जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की तो कायम पिळलेला राहतो. तो पीळच तुमचं नाक वर धरून ठेवतोय. आर्मचे आणि पॅनहार्डचे सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना सैल करा, बंपरवर चार-पाच दणके देऊन गाडी हलवा, बसू द्या आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळा.

खडकवाट

काका, केलं. सैल करताना तिसऱ्या बोल्टला 'टक्' आवाज होऊन गाडी डोळ्यांदेखत खाली बसली. आवाज गेला, ते ८ मिमीही गेले. पाचशे किलोमीटरनंतर परत सगळे आवळून बघणार आहे. आता हेडलाइटचे झोत खाली आणायचे राहिलेत, समोरचे सगळे मला डिपर मारतायत.

डबलकॅब

माझा व्हॉल्वचा दांडा सरकवून घेतला. मोकळ्या मैदानात ब्रेक मारून बघितला, मागची चाकं आता कामाला लागलीत. वरच्या आर्मसाठी वेगळा धागा काढतो. खडकवाट, ते पिवळे ठोकळे मात्र कोणाला देऊ नका.

खडकवाट

गॅरेजच्या दाराला अडणी म्हणून लावलेत. त्या कामाला अगदी व्यवस्थित आहेत.